कारवीच्या काडीने काढलेलं चित्र

भाद्रपदात गौरी बोळवल्या की नगरच्या हवेत दोन-चार दिवस असे येतात, की सकाळी दोरीवरचे कपडे वाळत नाहीत आणि दुपारी अंग भाजतं. असा दिवस आला की मी बैठकीतल्या भिंतीवरचं चित्र उतरवतो, काचेवरची ओलसर धूळ जुन्या धोतराच्या फडक्याने पुसतो आणि ते मांडीवर घेऊन चांगला तासभर बसतो. घरातली माणसं याला ‘बाबा समाधीत गेले’ असं म्हणतात. म्हणोत बापडी. वर्षातून एकदा स्वतःच्या घरात तासभर समाधी लावायचा हक्क पंच्याहत्तरीत तरी माणसाला असावा.

चित्र तसं लहान आहे. वीतभर उंच, दीड वीत रुंद, आडवा जाड कागद. काळी शाई आणि पाणी, बस्स. रंगाचा ठिपका नाही. येणारा-जाणारा चहाचा कप हातात घेऊन त्याच्यासमोर उभा राहतो आणि हटकून विचारतो, ‘अर्धवट राहिलंय का हो?’ पूर्वी मी समजावून सांगायचो. आता नुसतं ‘हो’ म्हणतो आणि बिस्किटांची ताटली पुढे करतो. ज्याला पुन्हा मान वळवून बघावंसं वाटतं त्याच्याशीच पुढे बोलतो, आणि मग त्याला लवकर सोडत नाही.

मागे डोंगर आहे. म्हणजे एक ओला पट्टा आहे, वरची कड कोरडी, खरखरीत, आणि खाली येता येता पाण्यात विरून गेलेली. ब्रश तिथे एकदाच फिरलाय, डावीकडून उजवीकडे, मध्ये कुठेही न थांबता. एका ठिकाणी शाई दाट साचली तिथे आपोआप दरी दिसायला लागली. उजवीकडे जांभळीचं झाड आहे: तीन डाग आणि काडीची एक उभी रेघ. ते तीन डाग मी आजवर कितीदा मोजले असतील याला गणती नाही. चौथा डाग पडला असता तर ते झाड जांभळीचं राहिलं नसतं अशी माझी खात्री आहे, आणि यावर कुणी वाद घालायला आलं तर माझी तयारी आहे. जांभळीच्या खाली भाताची खाचरं उतरत येतात. त्यांचे बांध म्हणून आठ रेघा आहेत, त्यातली एकही शेवटपर्यंत गेलेली नाही. आणि सगळ्याच्या मध्ये तळहाताएवढी जागा जवळजवळ कोरी आहे. तिच्या कडेला एक बाकदार फटकारा आहे, वर रुंद, खाली निमुळता. तो मी. डोक्यावर पानांचं इरलं घेऊन, चिखलात खुंटी ठोकायला वाकलेला, तेवीस वर्षांचा.

ते साल त्र्याहत्तर. बहात्तरच्या दुष्काळाने आमचा खर्ड्याकडचा मुलूख भाजून काढला होता. मी तिकडचा. लहानपणापासून पाणी शोधणारी माणसं बघत वाढलो. डिप्लोमा झाला, ओव्हरसियरची नोकरी लागली आणि सरकारने मला उचलून थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्याच्या डोंगरात नेऊन टाकलं. भंडारदऱ्याच्या रस्त्यावर एसटी सोडायची आणि आत तीन मैल चालायचं, अशी एक वाडी. तिथली शाळा मारुतीच्या देवळात भरायची आणि पावसाळ्यात पोरं आणि गुरं तिथे एकत्रच बसायची. त्या वाडीला दोन खोल्यांची शाळा बांधायची होती. जागा मी निवडायची, नकाशा मी काढायचा. माझा पहिला स्वतंत्र नकाशा.

जागा मी वैशाखात निवडली. त्या वाडीत सपाट जमीन म्हणजे दुर्मीळ गोष्ट, हातभर तुकडा मिळाला तरी लोक तिथे खाचर पाडतात. आणि मला मात्र अगदी मधोमध एक सपाट, मोकळा, झाड नसलेला तुकडा सापडला. कुणी कसतही नव्हतं. वर थोडं हिरवं गवत होतं. आमच्याकडे वैशाखात हिरवं दिसलं की माणूस तिथे टेकतो, देवाचं नाव घेतो. संशय घेत नाही. मी मोजणीची साखळी टाकली, खुंट्या ठोकल्या, जागा कुणाची म्हणून विचारलं, गायरान आहे म्हणून कळलं आणि खुशीत परतलो.

मग नकाशा. त्या नकाशाचं कौतुक मला अजूनही आहे, लपवत नाही. ट्रेसिंग क्लॉथवर रुलिंग पेनने काढलेल्या रेघा, सगळ्या एका जाडीच्या. आमच्या धंद्यात कोपऱ्यावर दोन रेघा मिळाल्याच पाहिजेत, किंबहुना केसभर एकमेकींना ओलांडून गेल्या पाहिजेत, म्हणजे कोपरा पक्का बसला असं समजतात. माझे सगळे कोपरे पक्के होते. त्या साली दुष्काळी कामांमुळे कागद पळत होते. नकाशा गेला, मंजूर होऊन आला, आणि आमच्या इंजिनियर साहेबांनी स्वतः बोलावून ‘रेघ चांगली आहे’ म्हणून सांगितलं. मी आठवडाभर जमिनीवर नव्हतो.

आमच्या कचेरीत रासनेकाका नावाचे आरेखक होते. नगरचे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. नकाशांना रंग भरायचं काम त्यांचं. नव्या भिंतीला किरमिजी, लाकडाला पिवळा, पाण्याला निळा, असा तेव्हा दंडक होता, आणि तो रंग एका ओल्या हाताने भरायचा, डाग न पडता, कड न वाळता. काका गप्पा मारत मारत, तोंडात सुपारी ठेवून तो भरायचे. पण रेघेच्या बाबतीत आळशी. माझ्या रेघा बघून म्हणायचे, ‘लेका, किती घट्ट धरतोस पेन. ते पळून जाणार नाही.’ मला वाटायचं, म्हाताऱ्याला जमत नाही म्हणून बोलतोय.

भाद्रपदात मी वाडीवर निघालो. वैशाखातल्या खुंट्या गुरांनी उपटल्या असतील तर पुन्हा ठोकायच्या होत्या, म्हणजे दिवाळीनंतर पाया खणायला मजूर लावता आले असते. काका म्हणाले, ‘मी येतो. अख्खी नोकरी डोंगराच्या नकाशांत रंग भरले, डोंगर धड बघितला नाही.’ मी हो म्हणालो. मनात म्हटलं, तीन मैल चालताना दम लागेल तेव्हा कळेल.

दम मला लागला. काका पुढे, मी मागे. तो रस्ता मला आज डोळे मिटून चालता येईल. दोन्ही बाजूंना गुलाबी तेरडा गुडघ्यापर्यंत, कातळावर पिवळी सोनकी, आणि वरून पाऊस म्हणावा तर पाऊस नाही अशी बुरबुर. भात पोटरीला आलं होतं, कणीस पोटात दाटलेलं, आणि त्याचा तो दुधाळ, ओला वास सगळ्या दरीत भरला होता. पायाखाली जिथे तिथे पाणी. दगडातून पाणी, बांधातून पाणी, वाटेच्या मधोमध पाणी. वर्षभरापूर्वी माझी आई कळशीभर पाण्यासाठी दोन कोस जात होती. मला ते सगळं पाणी बघून आनंद झाला नाही, राग आला. एवढं पाणी इथे नुसतं सांडतंय म्हणून त्या डोंगरावरच राग आला.

वाडीत पोचल्यावर काका हौसाबाईच्या पडवीत बसले. हौसाबाई म्हणजे माझ्या जागेला लागून जिचं खाचर होतं ती बाई. नवरा वारलेला, दोन मुलगे, आणि सगळी शेती हिच्या जिभेवर चालायची. पडवीतून समोरची दरी, जांभळ, खाचरं आणि माझी जागा सगळं एका नजरेत दिसत होतं. काकांनी कागद काढला, खिशातून रुमालात गुंडाळलेला ऑफिसचा ब्रश काढला, शाईची दौत काढली, आणि लक्षात आलं की पेन विसरलं. उठून त्यांनी कुडाच्या भिंतीतली कारवीची एक काडी मोडून घेतली. हौसाबाई म्हणाली, ‘बाबा, घर मोडता का माझं?’ काका म्हणाले, ‘एकच घेतो.’ विळ्याने टोक तासलं, करवंटीत पागोळीचं पाणी धरलं आणि बसले. मी खुंट्या घेऊन खाली उतरलो.

खाली खुंट्या नव्हत्याच. गवत मात्र वैशाखापेक्षा चौपट, लुसलुशीत. धुकं त्या जागेवर असं बसलं होतं की माझेच पाय मला दिसत नव्हते. सगळीकडे चिखल होता, इथेही चिखल होता. मी त्याचा वेगळा विचार केला नाही. चार कोपऱ्यांना नव्या खुंट्या ठोकल्या. फार सहज गेल्या. मला वाटलं, माझ्या हातात जोर आलाय.

वर आलो तेव्हा चित्र पडवीत वाळत ठेवलं होतं. आज जे चित्र मी मांडीवर घेऊन बसतो, ते पहिल्यांदा बघून मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगतो. कीव वाटली. एक रेघ धड नाही. कारवीच्या काडीने शाई कुठे प्यायली, कुठे ओकली. डोंगराला खालची कड नाही, झाडाला फांदी नाही. बांधाची रेघ मध्येच तुटलेली. आणि मध्ये एवढी मोठी जागा कोरी.

‘काका, मधलं राहिलं की.’

‘राहू दे.’

‘तिथे शाळा येणार. मी घालून देतो, म्हणजे चित्र पुरं होईल.’

काकांनी अडकित्ता काढला. सुपारी कातरत राहिले. मी दप्तरातून पट्टी काढली, रुलिंग पेन काढलं, काकांच्याच दौतीतली शाई घेतली आणि त्या पांढऱ्या जागेत शाळेची समोरची भिंत मारली. एक आडवी रेघ, सरळ, माझी. तिच्या टोकावरून एक उभी. कोपरा केसभर ओलांडून, पक्का. तिसरी मारायला पट्टी फिरवली आणि मागून हौसाबाईचा आवाज आला.

‘अवं साहेब, तिथं कशाला रेघा वढताय? तिथं तर उपाळ हाय.’

‘काय आहे?’

‘उपाळ. गवरी आल्या की जिमीन आतनं पानी सोडती, पार दिवाळीपातूर. दुस्काळाच्या आदल्या साली माझं रेडकू रुतलं हुतं तिथं. चौघांनी दोर लावून वढलं.’

‘मग वैशाखात मला सांगितलं का नाही?’

‘तुमी पुसलं का?’ ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. ‘तुमी पुसलं, जागा कुनाची. आमी म्हनलं, गायरान हाय. तुमी खुट्या ठोकल्या. आमी म्हनलं, सरकार हीर खांदतंय. लई झाक जागा धरली साहेबानं, पोरगं पानी वळखतं, असं म्हनलं आमी.’

‘अहो, नकाशा दाखवला होता ना सगळ्यांना!’

‘त्यो चौकोन? त्यो हिरीचाच समजलो आमी. चौकोनी बी आस्त्यात की हिरी.’

काकांची सुपारी घशात अडकली. मला हसू आलं नाही. हौसाबाई आता चित्रावर वाकली होती. लुगड्याचा पदर कागदाला लागू नये म्हणून एका हाताने आवरून धरलेला, आणि दुसऱ्या हाताचं बोट कागदापासून दोन अंगुळं वर, हवेत फिरत होतं. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. माझ्या नकाशात तिला विहीर दिसली होती. आणि या विस्कटलेल्या कागदात तिला सगळं दिसत होतं.

‘ही माझी जांभळ. ह्ये थोरल्याचं खाचर, ह्ये धाकल्याचं. ह्यो बांध आखाडात फुटला, अजून घातला न्हाई; बघा, फुटकाच काढलाय बाबानं. अन ह्ये मधलं पांढरं, ह्ये उपाळावरचं धुकं. समदं रान मोकळं झालं तरी हितलं उठत न्हाई.’ मग माझ्या दोन रेघांकडे बघून ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, ‘पोरं रुततील, साहेब.’

मी पहार घेऊन खाली गेलो. दोन हात लागले नाहीत, एका हाताने ती निम्मी आत गेली. उपसून काढली तेव्हा भोकात आधी बुडबुडा आला आणि मग पाणी.

सैल आणि ढिसाळ यांत फरक असतो हे कळायला मला तेवीस वर्षं आणि एक पहार लागली. ढिसाळ हाताला काय सोडायचं ते ठाऊक नसतं. सैल हाताला ठाऊक असतं, किंवा निदान डोळ्याला जे दिसलं नाही ते तो भरत बसत नाही. भाकरी थापणारी बाई कड मोजत नाही, तरी भाकरी गोल होते. काकांनी अख्खी नोकरी ओला रंग भरण्यात घालवली होती. ओल असतानाच हात उचलायचा असतो हे त्यांच्या बोटांना माहीत होतं. निवृत्तीनंतर मीही खूप कागद खराब केले. चांगला ब्रश आणला, कारवीच्या काड्या अकोल्याहून मागवल्या. डोंगर काढायला बसलो की मला त्याला कड द्यावीशी वाटते, झाडाला चौथा डाग द्यावासा वाटतो. नाही जमत. त्याचं दुःख करत बसत नाही. मी उत्तम नकाशे काढले, त्यातली एकही इमारत पडली नाही, आणि दुसऱ्याचं चांगलं चित्र ओळखता येतं. एका माणसाला एवढं पुष्कळ झालं.

काकांना मी परतीच्या एसटीत विचारलं होतं, तिथे पाणी आहे हे तुम्हाला कळलं होतं का. ‘मला कसं कळणार?’ ते म्हणाले. ‘पांढरं दिसलं, सोडलं.’ मग मी खरा प्रश्न विचारला. साहेबांना काय सांगायचं? कारण मंजुरी झाली होती. दिवाळीनंतर पाया खणला असता तर वर कोरडं लागलं असतं, कुणाला काही कळलं नसतं. पुढच्या भाद्रपदात भिंतीला तडा गेला असता, तोवर माझी बदली झाली असती. हे मी मोठ्याने बोललो नाही, पण विचार केला. संगमनेर येईपर्यंत केला. साहेबांनी नाव घेऊन ज्याची रेघ वाखाणली होती, त्यानेच जाऊन आता म्हणायचं होतं की जागाच चुकली.

काका खिडकीबाहेर बघत होते. ‘मी कशाला सांगू काय सांगायचं ते? मी चित्र काढायला गेलो होतो.’

दुसऱ्या दिवशी मी अहवाल लिहिला. जागा बदलावी, चाळीस पावलं वर मुरमाचं टेपाड आहे तिथे शाळा घ्यावी, असं लिहिलं. आणि कारण लिहिलं: ‘मध्यंतरीच्या काळात जागेच्या परिस्थितीत बदल झाल्याचे आढळून आले.’ सरकारी भाषा किती उपयोगी असते ते मला त्या दिवशी कळलं. काकांनी वाचलं, चष्मा काढला. ‘बदल झाला? लेका, जागा होती तिथेच होती.’ मी कागद ओढून घेतला. पण नुसत्या शब्दांनी साहेबांना पटणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि माझ्या नकाशात पाणी नव्हतंच. म्हणून काकांना विचारून ते चित्र अहवालाला जोडलं. ते पुढे पंधरा-वीस वर्षं फायलीतच राहिलं. जुने कागद निकालात काढायची वेळ आली तेव्हा मी ते काढून घरी आणलं. सरकारी मालाची माझी एवढी एकच चोरी.

साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. अहवाल वाचला. मग चित्र हातात घेतलं आणि खिडकीपाशी गेले. बराच वेळ बघत उभे राहिले. बाहेर उघडीप होती, खिडकीतून आलेल्या उन्हात कागद उजळला होता. मला वाटलं, आता ‘हे काय अर्धवट’ म्हणून फेकतील.

‘रासने, झकास आहे,’ ते म्हणाले. ‘फार झकास आहे. हे पांढरं म्हणजे पाणी ना?’

‘मला धुकं दिसलं साहेब. तिथली बाई म्हणाली, पाणी.’

साहेबांनी चित्र टेबलावर ठेवलं आणि पांढऱ्या जागेवर पेन्सिलीचं टोक टेकवलं. ‘आणि या दोन रेघा? या तुमच्या नाहीत.’

काका छताकडे बघायला लागले. म्हाताऱ्याने एक शब्द उच्चारला असता तर माझी सुटका होती.  

‘माझ्या, साहेब,’ मी म्हणालो. ‘जागाही मीच चुकलो. वैशाखात बघितली, कुणाला काही विचारलं नाही. ती आधीपासूनच तशी होती.’

साहेबांनी माझ्या अहवालातल्या त्या एका वाक्यावर काट मारली आणि कागद माझ्याकडे सरकवला. ‘मग तसं लिहा.’

मी उभ्याउभ्याच लिहिलं. ‘जागा निवडताना माझी चूक झाली. ती हौसाबाई यांनी दाखवून दिली.’ सही केली, कागद परत दिला. साहेबांनी वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

‘या हौसाबाई कोण? हुद्दा लिहावा लागेल.’

‘हुद्दा नाही साहेब. शेजारचं खाचर त्यांचं आहे.’

‘मग तेच लिहा,’ साहेब म्हणाले. मी तिच्या नावापुढे ‘शेजारच्या खाचराच्या मालकीण’ असं लिहिलं, साहेबांनी त्याखाली ‘मंजूर’ म्हणून सही केली, आणि शाळा टेपाडावर गेली.